गेटवरचा फलक आणि टाके पडलेली बोटं: सेफ्टी कमिटीत काय विचारू?

पठारावरची | ६ मार्च २०२५, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचं साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. परवा ४ मार्चला सुरक्षा दिन झाला, सगळ्यांनी शपथ घेतली आणि त्याच दिवशी नोटीस बोर्डावर नव्या सेफ्टी कमिटीची यादी लागली. कामगारांच्या बाजूने त्यात माझं नाव आहे. मला कोणी विचारलं नव्हतं, पण आलंच आहे तर काम नीट करायचं आहे.

पहिली बैठक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. सुरक्षा आणि पर्यावरण या दोन्हींची वर्षाची प्रगती त्यात मांडणार आहेत. त्याची प्रत आधीच हाती आलीय. मुख्य गोष्टी तीन: वर्षभरात कामाचा दिवस बुडेल असा एकही अपघात नाही, टनामागे कार्बन उत्सर्जन घटलं, आणि छपरावर सोलर बसलं.

आता माझी अडचण सांगते. नोव्हेंबरात रोलच्या पट्ट्या कापणाऱ्या स्लिटिंग मशीनवर एका कंत्राटी मुलाच्या दोन बोटांना ब्लेड लागलं. मी चार पावलांवर होते. रक्त थांबेना म्हणून माझी ओढणी गुंडाळली. ठेकेदाराच्या गाडीतून त्याला खाजगी दवाखान्यात नेलं, टाके पडले. बारा दिवस तो कामावर नव्हता. गेटवर 'अपघाताविना दिवस' असा फलक आहे, त्यावरचा आकडा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा एकाने वाढला. आता तो सातशेच्या पुढे आहे.

त्या मुलाची नोकरी जाऊ नये, बैठकीत भांडण होऊ नये, आणि तरी खरं काय ते कागदावर यावं. असं काय विचारू? अनुभवी लोकांनी सांगा.

नाडकर्णी_नव्हे | ६ मार्च, रात्री १०.३१

त्याची बोटं आता कशी आहेत?

पठारावरची | ६ मार्च, रात्री १०.४०

तर्जनी नीट वळत नाही. रोल उचलताना मधलं आणि अनामिका वापरतो. काम सोडलेलं नाही. अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, ओडिशाचा आहे.

आकडेमोड | ६ मार्च, रात्री ११.२०

हा 'शून्य' कसा मोजतात ते आधी बघा. दिवस बुडवणाऱ्या अपघातांची संख्या भागिले एकूण कामाचे तास, गुणिले दहा लाख. तुमच्याकडे समजा ३०० माणसं आहेत, रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस. म्हणजे ७ लाख २० हजार तास झाले. एक अपघात धरला की दर शून्यावरून सरळ १.४ च्या आसपास जातो. छोट्या कारखान्यात एका बोटाने वर्षाचा आलेख बदलतो, म्हणून ते एक बोट लपवायचा मोह सगळ्यात जास्त तिथेच होतो.

म्हणून पहिला प्रश्न: भागाकारातले तास कोणाकोणाचे? तासांत कंत्राटी माणसं धरली असतील आणि अपघातांत धरली नसतील, तर तो आकडा चुकीचा आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने वरच्या १००० लिस्टेड कंपन्यांना जो शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात अपघाताच्या तक्त्याखाली 'कंत्राटी मनुष्यबळासह' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमची कंपनी लिस्टेड नसेल, पण तुमचे मोठे ग्राहक असतील. ते हीच माहिती खालच्या पुरवठादारांकडे मागतात.

दुसरं, 'टनामागे घट'. समजा उत्पादन दीडपट झालं आणि टनामागचं उत्सर्जन २० टक्क्यांनी उतरलं. एकूण उत्सर्जन तरीही २० टक्क्यांनी वाढलेलंच असतं. टनामागे सुधारणा झाली ही चांगलीच गोष्ट आहे, पण एकूण किती तेही त्याच पानावर हवं.

निवृत्त_सेफ्टीवाला | ७ मार्च, सकाळी ६.५०

ताई, मी तीस वर्षं कारखान्यांत सेफ्टी ऑफिसर होतो. कारखाना कायदा १९४८ चा आहे आणि त्यात 'कामगार' या शब्दाची व्याख्याच अशी आहे की ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच. ४८ तास किंवा जास्त काम करता येणार नाही अशी इजा झाली, तर कारखान्याने निरीक्षकाला कळवायचं असतं. आपल्याकडे ते खातं पणजीत आल्तिनोला आहे. बारा दिवस म्हणजे ही मर्यादा कितीतरी ओलांडली. त्यामुळे तुम्ही जे मागताय ते कायद्यात पहिल्यापासून आहे. मनात संकोच धरू नका.

घातक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांत तर कमिटीवर कामगार आणि व्यवस्थापन यांचे सारखे प्रतिनिधी लागतात. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत हे आलं. त्यासाठी किती माणसं गेली हे माझ्या पिढीला ठाऊक आहे, म्हणून कमिटीची बैठक म्हणजे चहा-बिस्किटं आणि सह्या असं कोणी केलं की मला राग यायचा.

आणखी एक. बैठकीत तोंडी बोलण्याआधी विषय लेखी द्या, म्हणजे तो इतिवृत्तात येतो.

नर्सबाय_मडगाव | ७ मार्च, दुपारी १.०५

सगळे दराबद्दल बोलताहेत. मी त्या मुलाच्या पैशाबद्दल बोलते.

तो ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असेल (पगार २१ हजारांच्या आत असेल तर असायलाच हवा), तर कामावरच्या इजेने बुडालेल्या दिवसांसाठी त्याला पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते. बोट कायमचं अधू झालं तर त्याची टक्केवारी ठरून कायमस्वरूपी भत्ताही मिळू शकतो. पण त्यासाठी अपघाताची नोंद लागते. खाजगी दवाखान्यात टाके घालून 'घरी विळी लागली' असं लिहिलं की सगळं संपलं. असे हात मी खूप पाहिलेत. पहिले पंधरा दिवस ठेकेदार रोज फोन करतो, पाच हजार देतो. सहा महिन्यांनी बोट वळत नाही तेव्हा फोन उचलायला कोणी नसतं.

त्याला आधी विचारा की दवाखान्याचा कागद आहे का. आणि बोटाला फिजिओथेरपी अजूनही उपयोगी पडू शकते, मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवून घ्या. हे बैठकीची वाट न बघता करा.

कुंडईचा_कारखानदार | ७ मार्च, रात्री ९.१५

दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. माझं ४० माणसांचं युनिट आहे. लपवालपवी चूकच. पण ती कुठून येते? मोठ्या ग्राहकाच्या फॉर्मवर 'गेल्या तीन वर्षांतले अपघात' असा रकाना असतो. मी दोन वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे 'एक' लिहिलं. लगेच खुलासा मागितला, ऑडिट लागलं, ऑर्डर चार महिने अडकली. शेजारच्याने शून्य लिहिलं, त्याचा माल गेला. मी पुढच्या वर्षीही खरंच लिहिलं, पण हप्ता भरताना काय वाटलं ते मलाच ठाऊक.

शून्य अपघात हे ध्येय मला मनापासून पटतं. शून्याऐवजी दोन ठेवा असं कोण म्हणेल? ते दोन कोण असणार?

आकडेमोड | ७ मार्च, रात्री ९.५०

कारखानदार, तुम्ही 'एक' लिहिलंत याबद्दल मनापासून आदर. ध्येय शून्यच असावं. पण बक्षीस शून्याला देऊ नये. बक्षीस निअर मिस कळवण्याला द्यावं. रोल घसरला पण पायावर पडला नाही, गार्ड उघडा राहिला पण हात गेला नाही, असल्या गोष्टी किती जणांनी लिहून दिल्या ते मोजा. तो आकडा पहिल्या वर्षी वाढलाच पाहिजे. वाढला नाही तर लोक घाबरतात असं समजा.

बांदा_ते_वेर्णा | ८ मार्च, पहाटे ५.२०

मी बांद्याचो. पत्रादेवीहून रोज बाईकने वेर्ण्याला जातो, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटरच्या घरात होतात. सावंतवाडी, दोडामार्ग, पेडणे या बाजूची शेकडो पोरं अशीच येतात. रात्रपाळी सुटली की डोळे मिटत असतात. माझा मित्र धारगळच्या उतारावर सकाळी सात वाजता अपघातात गेला. रात्रपाळी करून आला होता, वर चार तास ओव्हरटाइम. कंपनीच्या कुठल्याच तक्त्यात तो नाही, कारण गेटच्या बाहेर गेला.

ताई, जमलं तर बसचं विचारा. बारा तास काम करवून माणसाला बाईकवर बसवायचं आणि आत हेल्मेट घातलं की नाही बघायचं, ह्या माका पटणा नाय.

निवृत्त_सेफ्टीवाला | ८ मार्च, सकाळी ७.१०

वाचून वाईट वाटलं. एक सांगतो, ईएसआय कायद्यात २०१० पासून घर ते काम या वाटेवरचा अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, कामावरचीच इजा धरतात. त्याच्या घरच्यांनी दावा केलाय का ते बघा. आणि बसचा मुद्दा दोन्ही रकान्यांत बसतो. पन्नास बाईकींऐवजी एक बस म्हणजे धूरही कमी.

बाष्पक | ८ मार्च, रात्री ८.४५

सुरक्षा आणि पर्यावरण एकाच बैठकीत आहेत हे फार चांगलं, कारण खरी गडबड या दोघांच्या सांध्यावर होते. मी बॉयलर अटेंडंट आहे. आमच्याकडे फर्नेस ऑइल बंद करून ब्रिकेटवर आलो. उसाचा भुसा, लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. कार्बनचा आकडा झटक्यात खाली आला, फोटो निघाले. पण तेल पाइपातून यायचं, ब्रिकेट माणूस खोऱ्याने ओढतो. दिवसभर भुसा नाकात. दार उघडलं की झळ तोंडावर. राख गरम असताना काढायची. आपल्या जूनमध्ये ब्रिकेट ओली होते, फुटते, मग धूर आणि आणखी भुसा. ढिगाच्या पोटात ती आपोआप तापते आणि धुमसते, हे आम्हाला पहिल्या पावसाळ्यात कळलं.

मी ब्रिकेटच्या विरोधात नाही. बंद शेड, कन्व्हेयर, राखेसाठी पाण्याची सोय आणि मास्क, एवढं सगळं सोबत आणा. आता आमच्याकडे आलंय, पण दोन वर्षांनी आणि एकाचा हात भाजल्यावर.

सोलरचं_ऐका | ८ मार्च, रात्री ९.३०

बाष्पकभाऊंना धरून. छपरावर सोलर बसलं म्हणता, ते पुसायला वर कोण जातं? जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे माणसाचं वजन घेत नाहीत. आपल्याकडे पावसात त्यावर शेवाळ येतं, आणि प्रकाशासाठी टाकलेला प्लास्टिकचा पत्रा वरून ओळखूच येत नाही. चालायला फळ्या, दोरी अडकवायची लाइन, खाली जाळी, हे बघून या. बैठकीआधी वर नजर टाका (स्वतः चढू नका).

प्रयोगशाळेतली | ९ मार्च, सकाळी ११.००

माझा अनुभव सांगते, कंपनीचं नाव देत नाही. वीजबचतीचं लक्ष्य आलं आणि प्रत्येक विभागाला टक्के वाटून दिले. आमच्या विभागप्रमुखांनी धूर खेचणारे पंखे 'काम नसताना' बंद ठेवायला सांगितलं. सॉल्व्हंटची वाफ घड्याळ बघत नाही. दोन महिने दुपारी डोकं दुखायचं. मला वाटायचं चष्म्याचा नंबर वाढला. विजेचा आलेख मात्र सुंदर उतरला होता. शेवटी तिघींनी मिळून लिहून दिलं तेव्हा पंखे सुरू झाले.

भोपाळला १९८४ च्या त्या डिसेंबरात विषारी द्रव थंड ठेवणारी शीतयंत्रणा महिनोन्‌महिने बंद होती आणि वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीसाठी सोडवून ठेवलेला होता. आमचा पंखा आणि ते यांची तुलना होत नाही, मला कळतं. पण 'हे बंद केलं तर काय बिघडतंय' हा विचार तोच आहे. बचतीच्या प्रत्येक ओळीसमोर विचारा: हे नक्की काय बंद करून वाचवलं?

पिळर्णची_शेजारीण | ९ मार्च, दुपारी ४.१५

जानेवारी २०२३ मध्ये आमच्याकडे रंगाच्या कारखान्याला आग लागली तेव्हा आजूबाजूच्या लोकांना घरं सोडायला लागली होती. तोपर्यंत आत काय साठवतात आणि वारा कुठल्या बाजूला असेल तर कुठे पळायचं, याचा मी कधी विचारही केला नव्हता. तुमच्या मॉक ड्रिलला शेजारच्या वाड्यातल्या चार बायकांना बोलवा. कारखान्याच्या कुंपणाला लागून आम्ही राहतो.

माळरान | १० मार्च, रात्री १०.०५

थोडं अवांतर, पण ५ जून जवळ येतोय म्हणून लिहितो. शाश्वततेच्या नावाने सगळ्या कंपन्या झाडं लावतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. हात जोडून विनंती: वसाहतीतली रिकामी जागा म्हणजे ओसाड जागा नव्हे. आपला जांभ्याचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, उन्हाळ्यात काळाठिक्कर दिसतो, पण ऑगस्टमध्ये तिथे सीतेची आसवं निळी-जांभळी उमलतात. कातळावरच्या दोन बोटं मातीत जगणाऱ्या कित्येक वनस्पती दुसरीकडे कुठेच जगत नाहीत. तिथे जेसीबीने खड्डे पाडून, बाहेरची लाल माती टाकून अकेशिया लावणं म्हणजे नुकसानच. झाडं लावायचीच तर जिथे माती खोल आहे तिथे किंदळ, जांभूळ, कुंभा लावा आणि तीन उन्हाळे पाणी घाला. किती लावली याऐवजी तिसऱ्या मे महिन्यात किती जगली हे मोजा.

नाडकर्णी_नव्हे | १० मार्च, रात्री १०.३०

आमच्या कंपनीत सलग तीन वर्षं एकाच खड्ड्यात झाड लावलंय. खड्डा आता छान मोठा झालाय, त्यात बेडूक राहतात. मुलांना घेऊन गेलो होतो बघायला, फार खूश झाली.

ओपाचं_पाणी | ११ मार्च, सकाळी ९.२०

माळरान सरांनी पावसाची आठवण काढली म्हणून. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. दहा हजार चौरस मीटरच्या शेडवर वर्षाला तीन कोटी लिटर पाणी पडतं. हे ऐकून सगळे उत्साहात येतात, मग लक्षात येतं की ते चार महिन्यांत येतं आणि टाकी तेवढी कोण बांधणार? जमिनीत सोडलं तर जांभ्याच्या भेगांतून डोंगराखाली झऱ्याला निघून जातं. ते वाया नाही, खालच्या गावच्या विहिरीला मिळतं. पण मग अहवालात 'आम्ही पाणी वाचवलं' असं लिहू नये. मे महिन्यात टँकर किती आले तो आकडा खरा.

पाळी_वेळगे | ११ मार्च, रात्री ८.००

आमच्या गावात खाण होती, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. खाणीच्या गेटवरही असाच फलक होता. आत पाण्याचे फवारे, हेल्मेट, सगळं शिस्तीत. गेटबाहेर आमचा रस्ता. रांगेने ट्रक, घरात भांड्यांवर लाल थर, आणि शाळेतून पोर येईपर्यंत आई दारात उभी. रस्त्यावर जे मेले ते खाणीच्या हिशोबात कधी आले नाहीत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा धूळ थांबली आणि चूलही थांबली. माझ्या वडिलांचा ट्रक चार वर्षं अंगणात उभा होता. त्यामुळे 'बंद करा' म्हणणाऱ्यांबरोबर मी जात नाही.

पण कुंपण कुठे आखलंय ते विचारा. बांद्याच्या भावाचा मित्र, पिळर्णची ताई, ओडिशाचा मुलगा, हे सगळे कुंपणाच्या त्या बाजूला पडलेत.

कुंडईचा_कारखानदार | ११ मार्च, रात्री ८.४०

हे पटलं. माझा घातक कचरा उचलून नेला की आजवर मला वाटायचं, सुटलो. नियमाने तो ९० दिवसांवर ठेवता येत नाही, म्हणून गाडी आली की हायसं वाटतं. उद्या पिसुर्ल्याच्या घातक कचरा केंद्राहून पोचपावत्या परत आल्यात का ते स्वतः तपासतो.

पठारावरची | १२ मार्च, रात्री ११.००

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. उद्या त्या मुलाशी बोलते. बैठक झाली की इथे लिहीन.

पठारावरची | १६ एप्रिल, रात्री ९.४५

बैठक झाली. सेफ्टीवाले काका, तुमचं ऐकून विषय आठ दिवस आधी लेखी दिले. नावं घेतली नाहीत. पहिला विषय: 'कामाच्या तासांत आणि अपघातांत कंत्राटी कामगार सारखेच धरावेत'. खोलीत जरा वेळ कोणी बोललं नाही. मग प्लांट हेडनी विचारलं, असं काही झालंय का? माझ्या घशाला कोरड पडली होती. मी काही म्हणायच्या आत मेंटेनन्सचा सुपरवायझर म्हणाला, झालंय साहेब, नोव्हेंबरात, त्या मशीनचं गार्ड मीच काढून ठेवलं होतं, ब्लेड बदलायला दर वेळी वीस मिनिटं लागतात म्हणून. मला वाटलं नव्हतं तो बोलेल. त्याच्यावर कारवाई करू नका, असं मी लगेच म्हणाले, आणि तेही इतिवृत्तात आलं.

ठरलं ते असं: प्रथमोपचाराचं रजिस्टर एकच, सगळ्यांसाठी. स्लिटिंगला इंटरलॉक असलेलं गार्ड, म्हणजे ते उघडलं की मशीन थांबेल. ऑर्डर गेलीय. नोव्हेंबरची नोंद उशिरा का होईना करणार. सोलरच्या छपरावर फळ्या आणि दोरीची लाइन होईपर्यंत कोणी चढायचं नाही. एकूण उत्सर्जनाचा आकडा पुढच्या बैठकीत देऊ म्हणाले. बसचं मात्र 'बघू' एवढंच. मी तो विषय पुन्हा देणार आहे.

नर्सबाय_मडगाव | १६ एप्रिल, रात्री १०.०५

आणि बोट?

पठारावरची | १६ एप्रिल, रात्री १०.२०

मडगावला दोनदा नेलं, दुसऱ्यांदा सुपरवायझरच घेऊन गेला. व्यायाम दिलेत, रबराचा चेंडू दाबायचा. जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर बसून दाबतो. दवाखान्याचा जुना कागद त्याने पाकिटात जपून ठेवला होता, त्यावर तारीख आहे.

बांदा_ते_वेर्णा | १७ एप्रिल, पहाटे ५.१५

ताई, बसच्या अर्जावर सह्या लागल्या तर सांगा. आमच्या बाजूच्या त्रेचाळीस जणांची यादी करून ठेवलीय, कोण कुठे चढणार तेही लिहिलंय.